थोरल्याच्या हातात सापडलेला धाकटा

लहान मुलांच्या चेतापेशींमध्ये होणाऱ्या एका कर्करोगावर मी पीएचडी करत होते. पी-५३ नावाचं एक प्रथिन बिघडलेल्या पेशीला मरायला लावतं. पुष्कळ कर्करोगांत तेच मोडलेलं असतं. या रोगात मात्र ते बहुधा धडधाकट असतं आणि तरी हात बांधून बसतं. त्याला पी-७३ नावाचा धाकटा भाऊ आहे आणि त्या भावाचं एक आखूड रूप आहे. ते स्वतः काही काम करत नाही, फक्त डीएनएवरची थोरल्याची जागा अडवून बसतं.

हे समजायला मला पुस्तक लागलं नाही. आमचं गाव हिंजवडीच्या आयटी पार्कने गिळलं तेव्हापासून धाकट्या काकांनी एका सहीपायी सगळी जमीन अडवून ठेवली आहे. "त्यो काय करीत न्हाय, आन् दुसऱ्याला करू बी देत न्हाय," असं वडील रोज जेवताना म्हणतात.

माझं म्हणणं एक पाऊल पुढचं होतं: हा आखूड धाकटा नुसती जागा अडवत नाही, थोरल्याला धरूनच ठेवतो. प्रयोग सोपा होता. थोरल्याला पेशीतून ओढून काढायचं आणि त्याला चिकटून धाकटा आला का, ते फक्त धाकट्यालाच ओळखणाऱ्या अँटिबॉडीने तपासायचं. पहिल्याच फटक्यात एक्स-रेसारख्या फिल्मवर ठसठशीत काळी रेघ उमटली, म्हणजे धाकटा आला होता. मला नवल वाटलं नाही, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. भाऊबंदकीत वाढलेल्या माणसाला भावाने भावाचा गळा धरल्याचा पुरावा किती लागणार! गाइड सरांनी फिल्म पाहिली आणि "बरं आहे" म्हणाले. आमच्या लॅबमध्ये याला सत्कार समजतात.

पेपर लिहून झाला. एकच तपासणी मी टाळत होते. धाकट्याचं जनुकच काढून टाकलेल्या पेशी घ्यायच्या. तिथे रेघ येता कामा नये. फेलोशिपचे चार महिने उरले होते, मग उगाच कशाला, असं मी स्वतःला समजावत होते. शेवटी पेपरात ती जागा रिकामी दिसायला नको म्हणून केली.

रेघ आली, तितकीच काळी. मी तीनदा करून पाहिलं. मग नुसतं शुद्ध पी-५३ घेऊन पाहिलं, तर अँटिबॉडीने तेही पकडलं. भावाभावांच्या चेहऱ्यात तिला फरकच कळत नव्हता. थोरल्याच्या हातात मला दोन वर्षं जो धाकटा दिसत होता, तो थोरलाच होता. मी आधी हसले. मग वारज्याच्या खोलीवर येऊन रडले.

आठवडाभर कोणाला सांगितलं नाही. ती फिल्म कोणी मागितलीच नव्हती. आमच्या पेशी कितीतरी वर्षांपूर्वी एका लहान मुलाच्या गाठीतून काढलेल्या, दिवसाआड मीच त्यांना खाऊपिऊ घालत होते. त्या लेकराच्या जिवावर आपण खोटं छापतोय, याची मला लाज वाटायची. पण गाडीवरून लॅबला पोचेपर्यंत ती ओसरायची.

सोमवारी सकाळी फिल्म घेऊन सरांकडे गेले आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी ती खिडकीकडे धरून पाहिली.

"आणखी कोणाला दाखवलीत?"

"नाही, सर."

"अँटिबॉडी कोणती?"

मी नंबर सांगितला. तो त्यांना पाठ निघाला. ज्या पेपरामुळे सरांचं नाव झालं, त्यातही हीच वापरलेली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"छान. म्हणजे दोन पेपर गेले," ते म्हणाले. "माझा पेपर मागे घ्यायचं मी आजच जर्नलला कळवतो. तुमचा आपण नव्याने करू. पदवी वर्षभर लांबेल."

मी मान हलवली. खरं सांगते, मला त्यांचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. राग आला. 'राहू द्या, कोण विचारतंय,' असं ते म्हणतील, पाप त्यांच्या माथी आणि पदवी माझ्या हाती, एवढ्याच आशेने मी तिथे गेले होते.