पाणी सुटल्याचा निरोप

टाकीतून थेंबभरही पाणी सुटलेलं नसताना, ते सुटलंय असा निरोप मी अख्ख्या गावाला पाठवला. तोही कापूस वेचणीच्या दिवसांत, सकाळी साडेदहाला.

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तेही तासभर. कुणाचं चुकू नये म्हणून मी एक छोटी वेबसाइट करून दिली होती. टाकीचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तात्यांनी मोबाइलवर बटण दाबलं, की घरोघरी निरोप. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करणारा मी. गावात जरा भाव खाऊन होतो.

अशा वेबसाइटला सेटिंगची एक फाइल लागते. निरोप कुठल्या यादीतल्या नंबरांना जायचे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. शहाणी माणसं चाचणीची फाइल वेगळी ठेवतात, खरी वेगळी. मी एकाच फाइलीत दोन ओळी ठेवल्या होत्या. एक गावाच्या यादीची, दुसरी फक्त माझ्या नंबराची. नको त्या ओळीपुढे # टाकून तिला झोपवायचं, हवी तिला उठवायचं. या युक्तीचा मला अभिमान होता. आदल्या दिवशी खालच्या गल्लीतल्या मावशींची तक्रार आली, निरोप येत न्हाई म्हणून. शोधायला मी गावाची ओळ उठवली. त्यांच्या नंबरात एक आकडा कमी निघाला. तो भरला आणि त्या आनंदात चहाला उठलो. गावाची ओळ परत झोपवायची राहिली.

दुसऱ्या दिवशी, लांब निरोप मधेच तुटतो का ते बघायला खराच मजकूर लिहिला आणि बटण दाबलं. माझा मोबाइल वाजला. छान. मग स्वयंपाकघरात आईचा वाजला. मग भिंतीपलीकडे काकूंचा.

घाईघाईत दुसरा निरोप सोडला: आधीचा चुकून गेला, पाणी सुटलेलं नाही. लोक शांत होतील असं मला खरंच वाटलं. तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी ओरडत गेलं, "आधी सुटलं म्हणतेत, मंग न्हाई म्हणतेत! पाणी वळवलं कुठं? चला टाकीवर!"

टाकीवर तात्या एकटे होते. रात्री लाइट नव्हती, टाकी आत्ता कुठं भरायला लागली होती. घाबरून त्यांनी व्हॉल्व्ह उघडला असता, तर होतं नव्हतं ते खालच्या गल्लीत वाहून गेलं असतं आणि वरची गल्ली आठ दिवस कोरडी. मी पळत सुटलो.

पोचलो तेव्हा तात्यांभोवती पन्नास-साठ माणसं. सगळ्यांच्या पुढे, कालपर्यंत निरोप न मिळणाऱ्या मावशी. वेचणी अर्धी टाकून आलेल्या, कमरेला कापसाची ओटी तशीच.

"तात्या, सोडता का न्हाई?"

"अगं, म्या निरोप धाडलाच न्हाई!"

"मंग काय टाकीनं धाडला?"

मागून एकानं तात्यांचा खांदा ढकलला. तात्यांनी व्हॉल्व्हला चावी लावली. चावी थोडी फिरलीसुद्धा.

"तात्या, नका सोडू! निरोप मी धाडला!"

सगळे वळले. इतकी माणसं एकदम माझ्याकडं बघतायत असं फक्त माझ्या लग्नात झालं होतं, आणि तेव्हा कुणाच्या हातात रिकामी घागर नव्हती.

"मी लॅपटॉपवर चाचणी करून राह्यलो होतो, मावशी."

"कशाची?"

"निरोप जातो का, त्याची."

"गेला की! बराबर गेला!"

कुणी हसलं नाही. तात्यांनी चावी उलटी फिरवून काढून घेतली आणि शिडीकडं बोट केलं. मावशी ओटीसकट वर चढल्या, आत डोकावल्या आणि वरूनच ओरडल्या, "तळ दिसून राह्यला गं! चला रानात!" उतरताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

संध्याकाळी मी दोन फाइली वेगळ्या केल्या. गावाची यादी लॅपटॉपवरून पुसली. ती आता फक्त वेबसाइट जिथं चालते त्या सर्व्हरवर. तात्यांच्या घरी जाऊन सांगितलं, "आता चाचणीचा निरोप फक्त मलाच येणार, दुसऱ्या कुणाला न्हाई."

तात्या खांदा चोळत होते. म्हणाले, "तेच बरं. तुझा येडेपणा तुझ्यापुरताच ठेव, गावाला कशाला वाटतो?"