गारलंड शुमेटचं नकोसं विजेतेपद

गारलंड शुमेट रविवारी दुपारी टीव्हीसमोर बसायचा तो शर्यत बघायला नव्हे, शर्यतीशी भांडायला. टीव्हीचा आवाज बंद आणि शेजारच्या स्टुलावर रेडिओ मोठ्यानं चालू, कारण टीव्हीवरच्या माणसांची बडबड त्याच्या कानांना सोसायची नाही. रेडिओ टीव्हीच्या अर्धा मिनिट पुढे असे. त्यामुळे गाडी भिंतीवर आपटल्याचं आधी ऐकू यायचं आणि मग ती आपटायची. मधल्या अर्ध्या मिनिटात गारलंड त्या ड्रायव्हरला सावध करायचा.

"अरे बाहेरून जाऊ नको! मेल्या, सांगतोय ना!"

गाडी बाहेरून जायची आणि आपटायची.

"बघितलंस, लोरीन? हल्लीची पोरं कुणाचं ऐकत नाहीत."

"त्याला तू ऐकू येत नाहीस, गारलंड," लोरीन स्वयंपाकघरातून शेंगा सोलत सांगायची.

"येत असतो तर आपटला असता का?"

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात लोरीनला एवढं कळलं होतं की काही वाक्यांवर बोलायचं नसतं, मक्याचा पाव, कॉर्नब्रेड, पुढे करायचा असतो.

गारलंडनं चाळीस वर्षं मोज्यांच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त केली होती. आवाजावरून सांगायचा, कुठली सुई वाकली आहे. कॅरोलायनाच्या त्या डोंगराळ भागात स्टॉक कारची शर्यत म्हणजे एकेकाळी घरचंच कार्य. ज्या गाडीतून माणूस रविवारी चर्चला जायचा, तसलीच गाडी शनिवारी धुळीत धावायची, आणि कुणाच्या गाडीत काय चोरून बसवलंय हे अख्ख्या गावाला माहीत असायचं. आता सगळ्या गाड्या एका साच्यातल्या. चाकाला पाच नटांच्या जागी एकच नट. कार्बोरेटर तर कधीचाच गेला. आणि वर्षभराचे गुण शेवटी पुसून टाकायचे, चार ड्रायव्हर उरवायचे आणि एका दुपारी ठरवायचं की वर्षाचा विजेता कोण!

"म्हणजे वर्षभर नेमानं शाळेत जायचं," गारलंड भेटेल त्याला सांगायचा, "आणि पास कोण, तर शेवटच्या दिवशी जो आधी घंटेपाशी पळत गेला तो. असले विजेते कागदी! वाऱ्यानं उडतील."

मार्चमधल्या एका रविवारी शर्यत ऐन रंगात असताना थांबवली. का, तर तिचे तीन तुकडे करायचे ठरलं होतं आणि पहिला तुकडा संपला होता. गारलंड उठला, टीव्हीची वायर उपटली आणि टीव्हीचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"संपलं," तो म्हणाला.

लोरीन धास्तावली. शर्यतीशी भांडायचं थांबलेला निवृत्त नवरा आता भांडणार कुणाशी? घरात दुसरं होतंच कोण? दोन रविवार तिनं सोसलं. त्यानं तिची मसाल्याची फळी वर्णानुक्रमे लावली. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "तुला एवढं कळतं ना? मग भरव तुझी स्वतःची शर्यत. बाहेर. लांब."

गारलंडनं ते मनावर घेतलं.

गावाच्या अग्निशामक दलाच्या इमारतीमागे मोठं कुरण होतं. दलाचा प्रमुख डुई ॲबशर, गिरणीतला गारलंडचा जुना दोस्त, म्हणाला, "कुरण घे. पण गाड्या कुठून आणणार?"

"प्रत्येकाच्या घरी आहे की एक," गारलंड म्हणाला.

आणि होतीच. त्या भागात प्रत्येक अंगणाला बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र असतं, मोअर. पाती काढून ठेवायची, इंजिनाला हवं ते करायचं आणि पळवायचं. मे ते ऑक्टोबर शनिवारी दुपारी दहा शर्यती. नियम एका कागदावर: पहिल्याला आठ गुण, दुसऱ्याला सात, असे उतरत आठव्याला एक. शर्यत पुरी न करणाऱ्याला शून्य. दहा शर्यतींची बेरीज, ज्याची जास्त तो विजेता. पुसापुशी नाही, तुकडे नाहीत. ट्रॉफी म्हणून गारलंडनं आपल्या जुन्या गाडीचा कार्बोरेटर घासूनपुसून अक्रोडाच्या फळीवर बसवला.

आठ जण उतरले. त्यात मिस आयसी ग्रॅगही. वय ऐंशी, अडतीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलेलं, आणि गारलंड आणि डुई दोघेही त्यांच्या पहिल्याच वर्गातले. मिस आयसी बुडाखाली उशी घेऊन, हेल्मेटखालून उन्हाची टोपी बांधून आल्या.

"मिस आयसी, इथं धक्काबुक्की होते हं," गारलंड काळजीनं म्हणाला.

"गारलंड, मी तुला आणि डुईला एका बाकावर बसवून वर्ष काढलंय. तू तुझं बघ."

शर्यती सुरू झाल्या आणि गारलंड खुलला. त्यानं इंजिन असं तापट करून ठेवलं होतं की मोअर सुटला की कुरणातले ससे पलीकडच्या तालुक्यात जायचे. तो जिंकत होता किंवा धूर काढत उभा राहत होता, मधलं काही नाही.

अडचणी आल्याच. दुसऱ्या शर्यतीत डुई अर्ध्यावर मोअर सोडून झुडपात पळाला. सत्तरीला टेकलेल्या माणसाला दीड तास धरवत नाही. मग शर्यतीच्या मध्यावर दहा मिनिटं थांबायचं ठरलं.

"म्हणजे तुकडे केलेस," लोरीन म्हणाली.

"तुकडे नाहीत. विश्रांती आहे."

चौथ्या शर्यतीत डुईनं मोअरला मोटरसायकलचं इंजिन बसवून आणलं आणि कुंपण घेऊनच गेला. मग इंजिनं एका मापाची हवीत असं ठरलं.

"म्हणजे सगळ्या एका साच्यातल्या," लोरीन म्हणाली.

"साचा नाही. सुरक्षितता आहे." पण हे बोलताना गारलंडनं तिच्याकडे बघितलं नाही.

खरा घोळ नऊ शर्यती झाल्यावर उघडकीला आला. गारलंडनं सहा जिंकल्या होत्या. तीनदा इंजिन जळलं होतं. बाकीच्या तीन डुईनं मारल्या होत्या. मिस आयसींनी एकही जिंकली नव्हती. त्या आपल्या कडेकडेनं, मोअर न तापवता, कुणाला न धडकता यायच्या, आणि तोवर अर्धे लोक कुठं ना कुठं पडलेले असायचे. कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या, कधी चौथ्या. डुईनं बेरीज केली आणि चष्मा काढला.

"गारलंड, तुझे अठ्ठेचाळीस."

"आणि दुसऱ्याचे?"

"पहिल्याचे विचार. मिस आयसी सत्तावन्न."

"एकही न जिंकता?"

"एकही न जिंकता. नऊनं पुढे. उरलेल्या शर्यतीचे जास्तीत जास्त आठ. संपला की खेळ, गड्या! शेवटच्या शनिवारी दलाचा बार्बेक्यू ठेवलाय, चार डुकरं सांगितलीत मी. निकाल आधीच लागलाय म्हटल्यावर येणार कोण?"

त्या आठवड्यात गारलंडला जेवण गेलं नाही. कार्बोरेटर दिवाणखान्यातल्या फळीवर होता. उन्हाळाभर येताजाता त्यानं त्यावर हात फिरवला होता, तो आपलाच आहे असं धरून. आणि त्यानं स्वतःच लिहिलेल्या कागदाप्रमाणे तो मिस आयसींचा झाला होता.

मंगळवारी संध्याकाळी सगळे दलाच्या इमारतीत जमले. गारलंड उभा राहिला, घसा साफ केला.

"मी म्हणतो... प्रेक्षकांचा विचार करायला हवा. शेवटपर्यंत उत्कंठा राहायला हवी. तेव्हा पहिल्या चौघांचे गुण पुसून... म्हणजे सारखे करून... शेवटच्या शर्यतीत त्या चौघांत जो पुढे, तो वर्षाचा विजेता. प्रत्येक क्षण थरारक व्हायला हवा."

मागच्या खुर्चीवरून लोरीनला असा ठसका लागला की बाजूच्या बाईनं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. "काही नाही गं," लोरीन डोळे पुसत म्हणाली. "आमच्याकडचा टीव्ही मार्चपासून भिंतीकडे तोंड करून आहे, त्याचा आवाज ऐकला इतकंच."

गारलंडचे कान लाल झाले. आपण काय बोललो ते त्याला आत्ता ऐकू आलं, रेडिओसारखं नव्हे, टीव्हीसारखं, अर्धा मिनिट उशिरा.

"मत घेऊ," डुई म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे चार डुकरं होती. "बाजूनं?"

सात हात वर गेले. मिस आयसींचाही.

"विरोधात?"

एक हात वर गेला. गारलंडचा.

"ठराव तूच मांडलास ना?" डुई म्हणाला.

"मांडला. घाणेरडा ठराव आहे. मी विरोधात आहे."

"सात विरुद्ध एक. ठराव पास."

शनिवारी अख्खं खोरं लोटलं. गारलंडनं रात्रीच ठरवलं होतं की मुद्दाम मागे राहायचं. पण झेंडा पडला, बाजूनं डुई "काय आजोबा!" म्हणत निघाला, आणि गारलंडच्या हातानं वेगाचा दांडा आपोआप पुढे सारला. तो पहिला आला. डुई दुसरा. मिस आयसी तिसऱ्या, टोपी जागच्या जागी. लोकांनी टाळ्यांनी कुरण दणाणून सोडलं. कार्बोरेटर हातात घेतलेला गारलंड फोटोत असा दिसतो, जणू कुणीतरी त्याच्या हातात दुसऱ्याचं ओलं बाळ दिलंय.

सोमवारपासून तो न्याहारीच्या हॉटेलात बसून सांगू लागला, "यंदाचा विजेता कागदी आहे. वर्षभराचे गुण बघा. लाज वाटायला हवी त्याला!"

"कुणाला?" वाटेत कॉफीला थांबलेल्या एका ट्रकवाल्यानं विचारलं.

"मला!"

ट्रकवाल्यानं कॉफी अर्धी टाकली आणि निघाला.

मंगळवारी पहाटे गारलंडनं कार्बोरेटर मिस आयसींच्या ओसरीवर ठेवला. दुपारी तो शुमेटांच्या ओसरीवर परत. बुधवारी पुन्हा तिकडे. संध्याकाळी पुन्हा इकडे, वर सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी. गुरुवारी लोरीन म्हणाली, "तू देत राहा. मुरंबा येतोय." पण गारलंड हट्टाला पेटला. तो कार्बोरेटर काखेत मारून सरळ मिस आयसींच्या दारात गेला.

"हा तुमचा आहे. खऱ्या हिशेबानं तुमचाच."

"ठरलेल्या नियमानं तुझा. मी हात वर केला होता, गारलंड. माझं डोकं अजून शाबूत आहे, ठराव कळतो मला."

"मी नाही घेणार."

"मीही नाही. आधीच घरात धूळ झाडायला पुष्कळ वस्तू आहेत." मिस आयसींनी जरा विचार केला. "असं कर, मोअर घेऊन ये. माझ्या फाटकापासून चर्चच्या कोपऱ्यापर्यंत. जो आधी पोचेल किंवा वाटेत थांबेल, त्याचा कार्बोरेटर. नंतर तक्रार नाही."

गारलंडला वाटलं, देवच पावला. फक्त हळू चालवायचं! हे तर कुणालाही जमेल.

दुपारी चार वाजता दोन मोअर निघाले. मिस आयसींचा असा निघाला की निघाला आहे की नाही हे कळायला त्याच्या चाकापाशी वाकून बघावं लागलं. गारलंडनंही दांडा मागे घेतला. पण उन्हाळाभर त्यानं इंजिनाला पळायलाच शिकवलं होतं. जरा हळू केलं की ते खोकायचं, थरथरायचं, जीव सोडायच्या बेतात यायचं. थांबलं तर कार्बोरेटर गळ्यात! म्हणून तो घाबरून थोडं वाढवायचा, की मोअर दहा हात उडी मारायचा.

"हळू! अरे हळू, गाढवा!" तो यंत्रावर ओरडत होता.

मागे गाड्यांची रांग लागली. कुणी भोंगा वाजवला नाही. लोक उतरून कडेनं चालू लागले. अंगणांतून खुर्च्या बाहेर आल्या. लोरीन हातात सँडविच घेऊन नवऱ्याच्या बाजूनं चालत होती आणि तिला मधूनमधून थांबावं लागत होतं.

"मागे बघ," ती म्हणाली. "त्या शिंकायला थांबल्यासारख्या दिसतायत."

"थांबल्या? थांबल्या का? पंच!"

"चाक फिरतंय," डुई रस्त्यावर पालथा पडून म्हणाला. "अगदी थोडं. पण फिरतंय."

कोपरा वीस हातांवर आला तेव्हा इंजिनानं शेवटची उचकी दिली. गारलंडनं डोळे मिटून दांडा पुढे सारला, आणि मोअर उसळून चर्चच्या पाटीच्या पार, हिरवळीवर जाऊन उभा राहिला. लोकांनी टोप्या उडवल्या. मिस आयसी अकरा मिनिटांनी पोचल्या.

"अभिनंदन, गारलंड."

"तुम्ही मुद्दाम हळू चालवलंत!"

"मी नेहमी अशीच चालवते."

लोकांनी खुर्च्या उचलल्या, गाड्या मार्गी लागल्या. गारलंड मात्र हिरवळीवर मोअरवरच बसून होता, मांडीवर कार्बोरेटर, कपाळाला आठ्या, ओठ हलतायत.

"आता काय झालं?" लोरीननं विचारलं.

"तुकडे नव्हते. पुसापुशी नव्हती. दोघंच होतो. मी आधी आलो." त्यानं डोकं खाजवलं. "कुठं खोट सापडत नाहीये, लोरीन."

लोरीननं सँडविचचा उरलेला तुकडा त्याच्या हातात दिला.

"सापडेल," ती म्हणाली. "शोधायला हिवाळा पडलाय अख्खा. चल घरी."