गोरक्षची लाल पेटी

चाकणच्या एमआयडीसीतल्या पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये गोरक्षनं सव्वीस वर्षं तयार माल तपासला. केसाएवढा ओरखडा दिसला की पार्ट लाल पेटीत. लग्नाला गेला तरी नवरदेवाच्या आधी मांडवाच्या खांबांचं वेल्डिंग बघायचा, म्हणजे गडी किती रसिक ते कळलंच. मग कंपनीनं तपासणीला कॅमेरा बसवला. साहेबांनी गोरक्षच्या अंगावर शाल घातली आणि हातात भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी बसवलेल्या माणसाला घड्याळ! काय डोकं चालतं एकेकाचं.

दोन महिने तो बायको अनिताच्या भाकरींच्या कडा तपासत बसला. शेवटी अनितानं हात टेकले. पुतणी तनुजा पुण्यात आकाशगंगांवर पीएचडी करत होती, तिला फोन लावला. "ह्यांना कायतरी बघायला दे बाई, न्हाईतर मी येडी व्हईन."

तनुजानं लॅपटॉप आणून दिला. आत दुर्बिणीनं काढलेले चारशे फोटो. "काका, कॅमेऱ्याच्या चुकीनं पडलेले डाग बाजूला काढा, खऱ्या आकाशगंगा ठेवा. कॉम्प्युटर फसतो यात. सोमवारी सरांना दाखवायचंय, नाहीतर माझं वर्ष गेलं."

मशीन फसतं म्हटल्यावर गोरक्षला असा आनंद झाला, की त्यानं चहासुद्धा नीट प्यायला नाही. चष्मा पुसला आणि बसला.

रविवारी तनुजा आली. 'ओके'च्या फोल्डरमध्ये अठ्ठ्याऐंशी आकाशगंगा, सगळ्या ठसठशीत, चकचकीत. फिकट एक नाही.

"काका, बाकीच्या?"

"रिजेक्ट! कडा धड न्हाईत, फिनिशिंग न्हाई. असला माल मी सोडीन व्हय?"

तनुजा ओरडलीच. "अहो, मला त्याच हव्या होत्या! चकचकीत सगळ्यांनाच दिसतात. या लांबच्या, फिकट आकाशगंगांत तारे कधी घडायला लागले, कधी थांबले, हेच तर माझं काम. डिलीट केल्या का?"

गोरक्षला हे भलतंच लागलं. "डिलीट? आमी काय अडाणी हाय? रिजेक्ट माल लाल पेटीत ऱ्हातो. टॅग लावून."

त्यानं 'लाल पेटी' नावाचं फोल्डर उघडलं. खरंच, प्रत्येक फोटोखाली शेरा होता. 'निळसर, मधी उजेड.' 'तांबूस, इझल्याली.' 'तांबूस, पन एका कडंला निळं.' 'ही आकाशगंगा न्हाई, कॅमेऱ्याचा डाग.'

तनुजाचे डोळे भरून आले. "काका, निळं म्हणजे नवे तारे घडतायत. तांबूस म्हणजे तारे घडायचं काम बहुतेक कधीच थांबलंय. आणि ही कडेला निळी, ही थांबून परत सुरू झालेली असणार. अर्धं काम तुम्हीच केलंत हो!"

अनितानं कौतुकानं नवऱ्याकडं बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. पण गोरक्ष हसला नाही. त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती.

"सव्वीस वर्षांत कारन लिव्हल्याबिगर एक पार्ट पेटीत टाकला न्हाई मी," तो म्हणाला. "मला टाकलं, तवा टॅग कुठं व्हता गं?"