डाळमिलचं गार्ड कोण काढतं?

गार्ड पुन्हा भिंतीला टेकून उभं होतं. त्याचे बोल्ट शेजारी एका स्टीलच्या वाटीत नीट ठेवलेले. आणि मशीनचा पट्टा उघडाच धडधडत होता.

"नंदूशेठ, हे काय आहे?" मी ओरडूनच विचारलं. डाळमिलमध्ये हळू बोललेलं ऐकू येत नाही, आणि मला हळू बोलायचंही नव्हतं.

"मॅडम, आईची आन, मला म्हाईत न्हाय. पोरांना विचारलं, बायांना विचारलं. समदे म्हणत्यात आमी न्हाय."

"मग काय भुतं येऊन बोल्ट काढतात? तेही वाटीत?"

नंदूशेठ मिलचे मालक. माणूस वाईट नाही, पण सगळं विचारायचं आणि काहीच बघायचं नाही, ही त्यांची रीत. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, तसला कारभार.

मी सेफ्टीचं काम करते. कारखान्यांत जायचं, मशीनचा कुठला भाग माणसाला धरू शकतो ते बघायचं आणि तिथं आडोसा करून घ्यायचा. त्या आडोशाला आम्ही गार्ड म्हणतो. धाराशिवच्या वर्कशॉपांत मला 'जाळीवाल्या मॅडम' म्हणतात. म्हणू देत. जाळी बसली म्हणजे झालं.

ही मिल येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून आहे. तिथं तुरीचं साल घासून काढणारा एक मोठा रोलर आहे. मोटर खाली, रोलर वर, आणि दोन्हींच्या चाकांवरून फिरणारा रबरी पट्टा. हा पट्टा चाकावर जिथं चढतो, तिथली फट सगळ्यात वाईट. तिला निप पॉइंट म्हणतात. नुसतं बघून काही वाटत नाही. पण त्या फटीत बोट, वेणी, ओढणी, काहीही शिरलं की ते आत जातं आणि मागोमाग माणूस ओढला जातो. हात मागं घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा पट्टा देत नाही.

सुनीतालाही दिला नव्हता. ती हॉपरवर असायची, म्हणजे वरच्या तोंडातून तूर ओतायची. गेल्या हंगामात तिचा पदर त्या फटीत गेला. साडी जुनी होती म्हणून फाटली, नाहीतर आज मी दुसरंच काहीतरी लिहीत असते. ती फ्रेमवर आदळली, गळ्याजवळचं हाड मोडलं. कित्येक महिने घरी बसून ती परत आली तेव्हा नंदूशेठनी तिला झाडलोटीला लावलं. तिला हॉपर हवा होता, कारण झाडलोट म्हणजे आज आहे, उद्या नाही. पण उघड्या पट्ट्याजवळ उभं राहायला तिचे पाय तयार होईनात. हंगाम तोंडावर होता. "हंगाम लागेपर्यंत उभी राहिली तर ठीक, न्हायतर दुसरी बाई बघावी लागंल," असं शेठनी तिला सरळ सांगून टाकलं होतं.

म्हणून मला बोलावलं. मी माप घेतलं, जाळीचं गार्ड करून आणलं, चार बोल्टनी बसवलं. सुनीता लांबून बघत होती. पुढच्या फेरीला आले तर गार्ड खाली. मला वाटलं, बोल्ट कमी पडले. सहा लावले. तरी खाली. आता ही तिसरी वेळ होती आणि माझं डोकं फिरलं होतं.

गार्ड पुन्हा बसवून मी बाहेर नळावर तोंड धूत होते, तेव्हा सुनीता खराटा घेऊन जवळ आली.

"मॅडम, म्या नाव घेणार न्हाय."

"अगं, तुझ्याच जिवासाठी चाललंय ना हे सगळं?"

"व्हय. पर न्हाय घेणार. तुमी उद्या मिल चालू व्हायच्या आधी या. तुमच्याच डोळ्यांनी बघा."

दुसऱ्या दिवशी मी पहिली एसटी पकडली. मिलचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेले आणि पोत्यांच्या थप्पीमागं उभी राहिले.

नंदूशेठची आई आली. तिला सगळे काकू म्हणतात. वय सत्तरीच्या पुढचं, गुडघे कुरकुरणारे, पण आवाज खणखणीत. नवरा गेल्यावर ही मिल तिनंच चालवली होती. एका हातात पूजेचं ताट, दुसऱ्या हातात पाना. बाई सराईतासारखी एकेक बोल्ट काढत गेली आणि वाटीत टाकत गेली. गार्ड सरकवून भिंतीला लावलं. चाकाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. इथपर्यंत ठीक. मग तिनं स्टार्टर दाबला. पट्टा पळायला लागला, आणि त्याच्यापुढं उभं राहून काकूनं पदर पसरला.

पदराचं टोक त्या फटीपासून वीतभर लांब हलत होतं. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं.

"अगं बया! कोण हाय? पूजेत बंद करतीस व्हय मशीन?"

"काकू, मेला असतात तुम्ही!"

"पूजा करताना कोण मरतंय?" काकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "यांनी मिल टाकली तवापसून ही रीत हाय. बंद चाकाची पूजा खंडेनवमीला. रोजची पूजा चालत्या चाकाची. चालतं चाक म्हंजी लक्ष्मी. अन् तू तिला पिंजऱ्यात कोंडलीस. म्हणून काढते म्या."

"मग पूजा झाल्यावर परत का लावत नाही?"

इथं काकू जराशी नरमली. "वरचे बोल्ट लावता येत्यात. खालचे लावायला वाकवत न्हाय गं. अन् तू आणखी दोन वाढवून ठिवलीस."

घ्या! मी बोल्ट वाढवत होते आणि म्हातारीचे गुडघे हरत होते. मला हसूही आलं आणि माझाच रागही आला.

तेवढ्यात सुनीता आणि बाकीच्या बाया कामावर आल्या. काकूनं लगेच तिच्याकडं बोट केलं. "हिला विचार. ही कशानं वाचली? या पूजेनं. रोज पदर पसरून मागते, माझ्या मिलमधल्या लेकरांचे हातपाय धड ठिव."

श्रद्धेवर व्याख्यान दिलं असतं तर काकूनं मला पान्यानंच हाकललं असतं. मी लांब बांबू मागितला. त्याच्या टोकाला काकूच्याच जुन्या लुगड्याचा, पुसायला ठेवलेला तुकडा सैल बांधला. सगळ्यांना मागं केलं, मशीन चालू केलं आणि लांबूनच तो तुकडा पट्ट्याजवळ नेला. हे कुणी घरी करून बघू नका. मी रोजचं काम म्हणून सांभाळून केलं, तरी माझ्या हातातून बांबू हिसकला गेला. तुकडा कधी आत गेला ते कुणालाच दिसलं नाही. खाडकन आवाज झाला आणि बांबूचे दोन भाग होऊन पडले. मी मशीन बंद केलं.

मग सुनीताच बोलली.

"काकू, असंच झालं व्हतं. म्या वरडले सुदिक न्हाय. टाइमच न्हाय भेटला."

अपघाताच्या दिवशी काकू तेर गावी लग्नाला गेली होती. तिनं फक्त ऐकलं होतं, बघितलं आज. ती पोत्यावर मटकन बसली. सुनीताचा हात धरून म्हणाली, "तुझ्यासाठीच पदर पसरत व्हते गं म्या."

"म्हाईत हाय काकू. म्हणून तर तुमचं नाव घेतलं न्हाय."

काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, कशाला खोटं बोलू?

मग आम्ही तिघी बसलो. नंदूशेठ आले, त्यांना चहा सांगायला पाठवलं. काकूची अट एकच, चालतं चाक डोळ्यांनी दिसलं पाहिजे. माझी अट एकच, चालत्या चाकापर्यंत काही पोचता कामा नये, ना हात, ना पदर. दोन्ही अटी एकमेकींच्या आड येत नव्हत्या, हे आम्हाला इतके दिवस समजलं नव्हतं, कारण कुणी बोललंच नव्हतं.

नवीन गार्ड केलं. पट्ट्यापासून पुरेसं लांब, बारीक जाळीचं, आतलं चाक स्पष्ट दिसेल असं. पुढं छोटं दार, कमरेच्या उंचीवर, म्हणजे वाकायला नको. त्या दाराला इंटरलॉक बसवला. इंटरलॉक म्हणजे काय, तर दार उघडं असेल तर मोटर चालूच होत नाही, आणि चालू असेल तर चाक पूर्ण थांबल्याशिवाय दार उघडत नाही. लिफ्टचं दार असतं, तसंच. काकूनं दार उघडायचं, थांबलेल्या चाकाला हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं, दार लावायचं. मग मशीन चालू करून जाळीबाहेर उभं राहून हवा तेवढा पदर पसरायचा.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले. काकूनं मनासारखी पूजा केली, माझ्याकडं बघून "दिसतंय की चांगलं" एवढंच म्हणाली. सुनीता शिडीवर चढली. दोन पायऱ्यांवर थांबली, जाळीकडं बघितलं, आणि वर गेली. पदर कमरेला घट्ट खोचून तिनं पहिलं पोतं ओतलं.

भर हंगामात एकदा तो दाराचा इंटरलॉक बिघडला. मला फोन आला, पण मी पोचेपर्यंत दुपार झाली. नंदूशेठ म्हणत होते, तोवर थेट तार जोडून इंटरलॉकशिवायच चालवू, माल अडकलाय. काकू स्टार्टरपुढं खुर्ची टाकून बसली होती.

"दार नीट होईस्तवर मशीन चालायची न्हाय," ती लेकाला सांगत होती. "पूजा सकाळीच झाली. आता देवाला किती तरास देतूस?"

माझ्या धंद्यातल्या लोकांना एकच सांगते. गार्ड सारखं निघत असेल, तर बोल्ट वाढवू नका. जो काढतो त्याच्याजवळ बसून चहा प्या.