मुठीतला जोड

परवा शहरातल्या सदर भागातल्या दुरुस्तीच्या दुकानात इस्त्रीची वायर जोडून घेताना तापलेल्या राळेचा वास आला, आणि मी इंग्रजांच्या काळातल्या आमच्या ट्रेड स्कूलच्या बाकापाशी जाऊन उभा राहिलो.

आम्ही कोष्टी. माग सोडून वीजकाम शिकायला गेलेला घरातला मी पहिलाच. परीक्षेत तुटलेली तार जोडायची होती. माझ्या बोटांनी सवयीने सुताची गाठ मारली आणि वर काळी पट्टी गुंडाळली. ओढून पाहिली, पक्की होती.

मास्तरांचा नियम असा, की जोडातून दहा मिनिटं विजेची मोठी शेगडी चालवायची आणि ज्याचा जोड, त्यानेच तो मुठीत धरायचा. गाठीत तार तारेला जेमतेम टेकली होती, त्यामुळे जोड तापला आणि माझी मूठ पोळली.

"मागावर बसला का गा?" मास्तर म्हणाले. "सुताले गाठ चालते. तारेले अंगभर बिलगून बसावं लागते."

सगळे हसले. आता परत मागावरच जावं लागणार, असं वाटलं. पण त्यांनी तांबं खरवडायला लावलं, वेढ्याला वेढा भिडवून राळ आणि कथील लावायला लावलं. पाचव्या वेळी मूठ थंड राहिली. तेव्हा तो छळ वाटला होता. पुढे चाळीस वर्षं मी घराघरात वीज नेली, माझा एकही जोड जळाला नाही.

"झालं काका," दुकानदार म्हणाला.

"इस्त्री चालू कर अन् जोड मुठीत धर," मी म्हटलं.

तो हसायला लागला, म्हणून मीच धरला. कोमट होता.

"खोल गा," मी म्हटलं. "पुन्हा कर."