तीस ग्रॅमची कडी

आमच्या भागात भट्टीवर दूध लिटरच्या भावानं घेत नाहीत, उताऱ्यावर घेतात. एक लिटर दूध आटवायचं, त्यातून किती ग्रॅम खवा उतरला ते बघायचं आणि त्यावरून त्या माणसाच्या दुधाचा आठवड्याचा भाव ठरवायचा. भूम तालुक्यात, ईटच्या बाजूला, माझी खव्याची भट्टी आहे. बावीस वर्षं झाली. बारा घरांचं दूध येतं. आठ दिवसांतून एकदा प्रत्येकाच्या कॅनमधून एक लिटर काढून मी उतारा घेतो.

बहुतेक भट्ट्यांवर आटलेला खवा खरवडून काढतात आणि तोलतात. त्यात पाच-सात ग्रॅम कढईलाच चिकटून राहतात. ते नुकसान दूधवाल्याचं. मला ते कधी पटलं नाही. म्हणून मी पहिल्यापासून कढईसकट तोलत आलो. कढईचं वजन एकदाच नीट करून तिच्या बाहेरच्या अंगावर ऑइलपेंटनं लिहिलं. एकूण वजनातून तो आकडा वजा केला की खवा. चिकटलेलाही त्याचाच. या पद्धतीचा मला अभिमान होता. चार लोकांत मी तो बोलूनही दाखवायचो. "रिकामी कढई तोलत नाहीस का रे रोज?" असं एका पाहुण्यानं विचारलं होतं, तेव्हा मी म्हणालो होतो, "लोखंड काय सुकतंय का, दादा?" सगळे हसले होते.

उताऱ्याच्या छोट्या कढया दोन. एक मी नंतर विकत आणलेली. दुसरी मामांची.

मामा म्हणजे नात्याचे नव्हेत, वस्तीवरचे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मी भट्टी टाकली तेव्हा मोठी कढई आणली आणि पैसे संपले. उताऱ्याला भांडं नव्हतं. मामा दुसऱ्या दिवशी दुधाच्या कॅनबरोबर घरातली लोखंडी कढई घेऊन आले. "थोरल्याच्या लग्नात हिच्यात भजी तळली. आता हिच्यात तुझा हिशेब तळ," म्हणाले. तेव्हापासून मामांच्या दुधाचा उतारा मामांच्याच कढईत. नवी कढई आल्यावरही तो रिवाज मोडला नाही. बाकी अकरा जणांचं नव्या कढईत, मामांचं जुन्या.

मध्ये एक वर्ष असं आलं की गावात डेअरीचं संकलन केंद्र सुरू झालं. लिटरमागे चांगला भाव, वर महिन्याला पेंडीचं पोतं. अकराच्या अकरा घरं तिकडे गेली. त्यांना मी दोष देत नाही, प्रत्येकाला आपापलं घर आहे. मामांच्या दोन म्हशींचं चौदा लिटर दूध मात्र माझ्याकडेच येत राहिलं. सदतीस दिवस मी चौदा लिटरवर भट्टी पेटवली. सरपणाचाही खर्च निघत नव्हता. मीच म्हणालो, "मामा, तुम्हीपण तिकडं घाला. तुमचं नुकसान होतंय."

"तू माझ्या दुधाचं पाच ग्रॅम कढईला चिकटलेलं बी मला देतूस," मामा म्हणाले. "ते तिकडं कोण दील?"

अडतिसाव्या दिवशी केंद्रानं फॅट कमी म्हणून दोघांचं दूध परत केलं आणि पुढच्या पंधरवड्यात एकेक जण भट्टीवर परतला. भट्टी विझली असती तर ते परतायला जागाच नसती.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं मी जे केलं ते हे सगळं ठाऊक असताना केलं.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या थंडीत एका सकाळी मामांच्या कढईची एक कडी रिबिटातून निसटली. गरम होती. मी सांडशीनं उचलून ती भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. लोहाराकडे नेऊ, म्हटलं. दुसऱ्या कडीनं आणि सांडशीनं काम भागत होतं, म्हणून राहून गेलं. काडेपेटी, खिळे, सुतळी, सगळं त्याच कोनाड्यात पडायचं. कडी त्याखाली गेली आणि माझ्या डोक्यातूनही गेली.

पुढच्या उताऱ्याला मामांचं दूध एकशे पंच्याऐंशी ग्रॅमवर आलं. वर्षानुवर्षं ते दोनशे पंधराच्या आसपास असायचं. थंडीत तर उतारा वाढतो. मी पुन्हा एक लिटर घेतलं, पुन्हा आटवलं. एकशे पंच्याऐंशी.

मी लॅक्टोमीटर लावला. तो बरोबर अठ्ठावीसवर तरंगला. म्हणजे पाणी नाही. साध्या माणसाला यावरून एवढंच कळलं असतं की पाणी नाही. पण भट्टीवाल्यांत म्हणीसारखं बोललं जातं, की लॅक्टोमीटरला साखर टाकून फसवता येतं, कढईला फसवता येत नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की मामा आता हेही शिकले.

बायकोला सांगितलं. ती चहा गाळत होती. तिचा हात थांबला.

"मामा पाणी घालतील?"

"मी कुठं म्हणतोय? आकडा म्हणतोय."

"आकड्याला तोंड नसतं. तुम्हीच बोलताय."

मी मत बदललं नाही. सगळ्यांना एक नियम, मामांनाही तोच, असं मी स्वतःला सांगितलं. त्यात मला थोडं बरंही वाटलं, हे लिहायला हवं. जवळच्या माणसालाही सोडलं नाही, असं ते बरं वाटणं होतं.

तिसऱ्या आठवड्यालाही तोच आकडा आला तेव्हा सगळे दूधवाले हजर होते. मी मोठ्यानं वजन वाचलं आणि मामांचा भाव उतरवत असल्याचं सांगितलं. वस्तीवरचा एक जण, जिभेचा तिखट, कॅन धुता धुता म्हणाला, "काय मामा, औंदा हिरीला लई पाणी दिसतंय तुमच्या!"

दोघंतिघं हसले. मामांनी धोतराला हात पुसले. "हिरीला पाणी असतं तर ज्वारी भिजवली असती बाबा. दूध कशाला भिजवू?"

मग माझ्याकडे वळून त्यांनी एकच विचारलं, "काटा बरोबर हाय नव्हं?"

"गेल्याच महिन्यात शिक्का मारून आणलाय, मामा."

ते खरं होतं. इलेक्ट्रॉनिक काटा मी तपासून आणला होता. कागद भिंतीवर लावलेला होता.

"मग म्हशीतच खोट," मामा म्हणाले आणि कॅन सायकलला अडकवून निघाले.

ते रागावले नाहीत, वाद घातला नाही. मला वाटलं, खरं असतं तर माणूस भांडला असता. त्यांच्या गप्प राहण्याचा मी तोच अर्थ घेतला. प्रत्यक्षात ते घरी जाऊन म्हशीला बघत होते, हे मला फार उशिरा कळलं. कपाळावर पांढरा टिक्का असलेली म्हैस त्यांची लाडकी. पाचव्या वेताची. तिचंच दूध पातळ झालं असणार, असं त्यांनी धरलं. सरकी पेंड वाढवली. डॉक्टर आणला. त्यानं म्हैस ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, तर मामांनी डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. त्यांचा विश्वास माझ्या कढईवर. मामींनी म्हणे रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात घरचं दूध तापवून साय बघितली. साय पहिल्यासारखीच जाड. तरी मामा म्हणायचे, "साय कशाला बघतीस? तिथं ग्रॅममधी मोजत्यात."

नऊ उतारे झाले. एकशे पंच्याऐंशी, एकशे पंच्याऐंशी, एकशे नव्वद, एकशे पंच्याऐंशी. मी आकड्यांचा माणूस. घरातलं तेल किती दिवस पुरतं ते मी तारखेनिशी सांगतो. तरी मला हे दिसलं नाही, की दुधात पाणी घालणारा माणूस दर वेळी इतकं मापून पाणी घालत नाही. पाणी कमीजास्त पडतं, म्हशीचा उतारा कमीजास्त होतो. जे दर वेळी सारखंच कमी पडतं, ते दुधातलं नसतं.

माघात मामांनी टिक्क्याची म्हैस जनावरांच्या बाजारात नेली आणि विकली. मला दुसऱ्या दिवशी समजलं. कॅन अर्धा होता.

"एकच राहिली," मामा म्हणाले. "आता बघ उतारा. हिचं दूध दाट हाय."

त्या दिवशी उताऱ्याची पाळी नव्हती. तरी त्यांनी आग्रह धरला. मी लिटर काढलं. ते भट्टीसमोर उकिडवे बसून राहिले. वीस-पंचवीस मिनिटं मी उलथनं फिरवत होतो आणि ते त्या कढईकडे बघत होते. कढई काट्यावर ठेवली. वजाबाकी केली.

एकशे पंच्याऐंशी.

मामांचा चेहरा मी आजही विसरत नाही. त्यावर अपमान नव्हता, गोंधळ होता. "हिच्यातबी?" एवढंच म्हणाले. मग हळूच विचारलं, "म्हंजे तिच्यात खोट न्हवतीच का काय?"

मी खवा परातीत काढायला वळलो. ते गेल्यावर मी कॅनचं झाकण बांधायला सुतळी शोधू लागलो. कोनाड्यात हात घातला तर सुतळीच्या गुंड्याखाली काहीतरी जड हाताला लागलं. कडी.

ती काट्यावर ठेवली. तीस ग्रॅम. मग कढई घासून पुसून रिकामी ठेवली. बाहेरच्या अंगावर माझ्याच हातानं लिहिलेलं होतं एक हजार दोनशे साठ. काट्यावर एक हजार दोनशे तीस. मी ती तीनदा ठेवली आणि तीनदा उचलली. नंतर तिथंच लाकडाच्या ओंडक्यावर बसलो. खव्याची मोठी कढई खाली लागली, करपल्याचा वास आला, तेव्हा बायको धावत आली. तिनं माझ्या हातातली कडी बघितली. मग मोठ्या कढईखालची लाकडं ओढून काढली.

त्याच दुपारी मामांच्या घरी गेलो. कडी दाखवली, सगळं सांगितलं. भाव उतरवल्यापासूनच्या सात आठवड्यांचा फरक काढून नेला होता, तो पुढे केला. मामांनी घेतला. "हक्काचं हाय, घेतो," म्हणाले. मामी दारात उभ्या होत्या. त्या गोठ्याकडे बघत होत्या. गोठ्यात एक खुंटा रिकामा होता, त्याला दावं तसंच बांधलेलं.

"चुकी हुती मानसाकडनं," मामा म्हणाले. "तू आलास, सांगितलंस, बरं झालं." मग खुंट्याकडे बघत म्हणाले, "पर तिला कोन सांगनार? ती जाईना झाली हुती टेंपोत. मी म्हनलं तिला, तुझ्या दुधात राम न्हाय राहिला."

मी म्हैस परत आणायची ठरवली. बाजारात तो व्यापारी सापडला. त्यानं सांगितलं, दहा-बारा जनावरं नळदुर्गकडच्या एका माणसाला दिली. मोटारसायकलवर नळदुर्गला गेलो. हायवेवरच्या ढाब्यांवर विचारत फिरलो. तो माणूस दुसऱ्या दिवशी भेटला. "कपाळावर टिक्का? साहेब, गाडीत घालताना कपाळ कोण बघतं? गाडी हैदराबादकडं गेली." तिथं उभा राहून मी बराच वेळ पूर्वेकडं जाणारे ट्रक बघितले. दोन गाड्यांत म्हशी होत्या. फळ्यांच्या फटीतून नुसत्या पाठी दिसत होत्या. तीन खेपा केल्या. मग सोडून दिलं.

भट्टीवर सगळ्यांसमोर कडी आणि कढई ठेवून मी माझी चूक सांगितली. हिरीवरून बोलणारा मान खाली घालून उभा होता. दुसरा एक जण मात्र म्हणाला, "मामांचं सापडलं. आमच्या कढईचं काय? कधी तोलली हुती?" त्याचा प्रश्न रास्त होता. नवी कढई तोलली. तिचा आकडा बरोबर निघाला. तरी त्या महिन्यात दोन घरांनी दूध बंद केलं. मी त्यांना थांबवलं नाही. मी स्वतः मामांवर अविश्वास दाखवला होता, माझ्यावर विश्वास ठेवा असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार?

लोहारानं कडी बसवून दिली. पेंटनं लिहिलेला आकडा मी खरवडून टाकला. आता दर उताऱ्याआधी रिकामी कढई काट्यावर ठेवतो, मोठ्यानं वजन वाचतो, आणि ज्याचं दूध असेल त्याला बघायला लावतो. सगळे वाकून बघतात. बघायलाच पाहिजे.

मामा अजून येतात. सहा लिटर आणतात. दुसरी म्हैस त्यांनी घेतली नाही. त्यांची पाळी आली की मी कढई ठेवतो आणि म्हणतो, "मामा, बघा."

ते दाराशी, माझ्याकडे पाठ करून उभे असतात, सायकलला धरून, रस्त्याकडे बघत.

"मामा, एकदा बघून घ्या ना."

"तू बघितलंस नव्हं?" ते न वळता म्हणतात. "मग झालं."

मी काट्यावरचा आकडा वाचतो. एकट्यानंच.