सळयांचा मजला

ज्या घराचं छत कोरडं, त्या घरातला माणूस निर्धास्त झोपतो. हे मला नेकनूरच्या रंगवाल्या दुकानदारानं फार गंभीरपणे सांगितलं. त्याच्या गल्ल्यामागं छताखाली बादली ठेवलेली होती. तरीही मी त्याच्याकडून गच्चीला लावायच्या पांढऱ्या रसायनाचा डबा घेतला.

त्या पावसाळ्यात आमच्या झोपायच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या वर छताला, ओलीचा डाग उमटला होता. आधी भाकरीएवढा, मग सुपाएवढा. रसायनाचे दोन हात दिले. डागानं दखल घेतली नाही. स्लॅब ज्यानं टाकला त्या मिस्त्रीवर माझा पहिला संशय. त्याचा संशय शेजाऱ्याच्या टाकीवर. मग मी रोज सकाळी गच्चीतल्या तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं कठड्यावरून ती टाकी न्याहाळू लागलो. आठवड्याभरात शेजाऱ्यानं नमस्कार बंद केला, आणि तुळस जास्त पाण्यानं सडली. टाकी मात्र ठणठणीत होती.

उन्हाळ्यात मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. त्यानं गच्चीच्या एकेका कोपऱ्याला मातीचा बांध घालून पाणी कोंडायला सुरुवात केली. गल्लीत आठवड्यानं नळ येत असताना मी गच्चीवर तळं करतोय, ही बातमी पाणी मुरायच्या आधी गावभर पोचली. तीन कोपरे निर्दोष सुटले. चौथ्यात पाणी भरलं आणि तासाभरात कपाटावर थेंब पडला.

त्या कोपऱ्यात कॉलमच्या सळया उभ्या होत्या. आमच्याकडं कुणी घर पुरं बांधत नाही. वरच्या मजल्यासाठी सळया सोडतातच. गंजू नयेत म्हणून मी त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घातल्या होत्या, आणि या हुशारीबद्दल स्वतःवर खूशही होतो.

"सर, तुमी टोप्या डोक्याला घातल्या," मिस्त्री म्हणाला, "अन् पाणी मुरतंय बुडातून. कापा अन् वरून कोबा करा."

"कापायच्या न्हाईत," बायको जिन्यातूनच म्हणाली. "लेकाचा मजला हाय त्यो."

"काकू, वरचा मजला येईस्तोवर खालचा पडंल."

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो परत येऊन वर घर बांधेल, हे तिनं सळया सोडल्या त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. त्याला कधी विचारलं होतं की नाही, याची मला शंका होती. त्या दुपारी तिनंच फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. गच्ची, ओल, मिस्त्री, सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "कापून टाक की आई. मी कुठं येणार आहे आता तिकडं?"

तिनं जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत ती भांडी घासत होती; एवढी भांडी आमच्या घरात आहेत, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कटर घेऊन आला, तेव्हा त्याला चहा देताना ती म्हणाली, "बुडापासनं कापा. अर्धवट काय ठिवू नका."

पुढचा पावसाळा खोली कोरडी राहिली. दिवाळीला मुलगा दोन दिवस आला. तो गच्चीवर गेला की तीही काहीतरी वाळत घालायला मागोमाग जायची आणि त्याच्या तोंडाकडं बघायची. तो चार वेळा वर गेला, कारण मोबाइलला रेंज तिथंच येते. सळया नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं नाही.